सार्वजनिक ग्रंथालय आणि दिव्यांग वाचक : सुगम्यतेच्या संकल्पनेची चिकित्सा

प्रस्तावना

ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांची मांडणी डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये केली. प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे, हा त्यांतील दुसऱ्या सूत्राचा आशय होय. या सूत्राचा विस्तार करताना रंगनाथन यांनी स्त्रिया, ग्रामीण जनता व बालके यांच्याबरोबरच दृष्टिहीन वाचकांचाही विचार केला होता, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. महाराष्ट्रातील ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ही सूत्रे पाठ असतात. अनेक ग्रंथालयांच्या भिंतींवर ती फलकरूपाने लावलेलीही आढळतात. तो फलक वाचण्यासाठी मात्र बऱ्याच ठिकाणी आधी काही पायऱ्या चढाव्या लागतात.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील दिव्यांग व्यक्तींची संख्या सुमारे २९ लाख ६३ हजार होती. या लोकसंख्येचा सार्वजनिक ग्रंथालयाशी येणारा संबंध दोनच प्रसंगांपुरता मर्यादित झालेला दिसतो : जागतिक दिव्यांग दिनाचा कार्यक्रम आणि ब्रेल पुस्तकांची भेट. दोन्ही प्रसंग सदिच्छेचे आहेत आणि दोन्हींमध्ये दिव्यांग व्यक्ती ही काहीतरी स्वीकारणारी व्यक्ती असते. वर्गणी भरणारा, अनामत ठेवणारा, पुस्तक उशिरा परत केल्याबद्दल दंड देणारा आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारणारा सभासद म्हणून तिचा विचार क्वचितच होतो. सुगम्यतेच्या चर्चेत खरा प्रश्न या सभासदत्वाचा आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. ग्रंथालयापर्यंत पोहोचणे, आत येणे, हवा तो ग्रंथ शोधणे, तो हाती पडणे आणि तो प्रत्यक्ष वाचता येणे ही एक साखळी आहे. तिची एक कडी तुटली की उरलेल्या कड्या शाबूत असूनही निरुपयोगी ठरतात.

शब्द आणि कायदा

प्रारंभी शब्दांविषयी थोडे. १९९५ च्या केंद्रीय कायद्याच्या काळात मराठीत 'अपंग' हा शब्द रूढ होता. आज शासकीय व्यवहारात 'दिव्यांग' हा शब्द स्थिरावला आहे. अनेक अपंग व्यक्तींना हा नवा शब्द अनाठायी गौरवाचा वाटतो, तर काहींना जुना शब्द बोचतो. या वादाचा निर्णय येथे अभिप्रेत नाही. कायद्याची परिभाषा म्हणून येथे 'दिव्यांग' हा शब्द स्वीकारला आहे, इतकेच. शब्द बदलला म्हणून पायरीची उंची बदलत नाही, हे मात्र नोंदविले पाहिजे.

१९९५ च्या कायद्याने अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते. सार्वजनिक इमारतींमधील सोयींचे कर्तव्य त्याने सांगितले खरे, परंतु संबंधित संस्थेची आर्थिक क्षमता व विकास यांच्या मर्यादेत, अशी पळवाटही त्यातच ठेवली. भारताने दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारास २००७ मध्ये अनुसमर्थन दिले आणि त्यास अनुसरून दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अस्तित्वात आला. या अधिनियमाने प्रकारांची संख्या २१ वर नेली आणि सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत शैक्षणिक व सांस्कृतिक कार्यासाठी जनतेच्या वापरात असलेल्या शासकीय व खाजगी अशा दोन्ही प्रकारच्या इमारती घेतल्या. शासकीय आस्थापनेच्या व्याख्येत तर शासनाचे साहाय्य मिळणाऱ्या संस्थाही येतात. येथेच ग्रंथालय चळवळीने थांबून विचार करावयास हवा. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ हा ज्या ग्रंथालयांना अनुदान देतो, ती बहुतांश लोकांनी स्थापन केलेली, विश्वस्तांनी चालविलेली, स्वायत्ततेचा अभिमान बाळगणारी ग्रंथालये आहेत. 'आमची संस्था खाजगी आहे' हा त्यांचा युक्तिवाद अनुदानाचा पहिला हप्ता स्वीकारताच दुर्बल होतो.

अस्तित्वातील सार्वजनिक इमारती सुगम्य करण्यासाठी या अधिनियमाने नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती. नियम जून २०१७ मध्ये अधिसूचित झाले. म्हणजे मुदत जून २०२२ मध्ये संपली. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या नियमांतील सुगम्यतेविषयीचा १५(१) हा नियम मूळ अधिनियमाशी विसंगत ठरविला. अधिनियम बंधनकारक भाषा बोलतो आणि नियम मात्र शिफारसवजा मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखवितो, हा विरोध न्यायालयाने उघड केला आणि किमान बंधनकारक मानके निश्चित करण्यास सांगितले.

ग्रंथालयांच्या बाबतीत हाच विरोध अधिक ठळक आहे. महाराष्ट्रातील मान्यताप्राप्त ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्गीकरण प्रामुख्याने ग्रंथसंख्या, नियतकालिके, सभासदसंख्या, कामाचे तास व कर्मचारी या निकषांवर उभे आहे. बालविभाग आणि महिलाविभाग हे शब्द ग्रंथालयांच्या वार्षिक अहवालांना परिचयाचे झाले, कारण कोणीतरी त्यांची विचारणा करीत राहिले. चाकाच्या खुर्चीवरील वाचक आत येऊ शकतो काय, अशी विचारणा अनुदान ठरविताना होत नाही. ग्रंथालय संचालनालय उच्च व तंत्र शिक्षण विभागाच्या अखत्यारीत आहे. दिव्यांग कल्याणासाठी राज्यात डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र विभाग निर्माण झाला. एका विभागाजवळ कायदा आणि दुसऱ्याजवळ अनुदान, अशी ही वाटणी आहे.

जोते, जिना आणि तळमजला

मुंबईचे टाउन हॉल १८३३ मध्ये पूर्ण झाले. एशियाटिक सोसायटीचे हे घर हॉर्निमन सर्कलच्या बाजूने पाहताना प्रथम नजरेत भरतात त्या त्याच्या तीस पायऱ्या. ग्रीक धाटणीच्या स्तंभांकडे नेणाऱ्या या पायऱ्यांनी ज्ञानाची एक प्रतिमाच जनमानसात घडविली : ज्ञान उंचावर असते आणि त्याच्याकडे चढून जावयाचे असते. पुढील काळात जिल्ह्याजिल्ह्यांतून जी नगरवाचनालये उभी राहिली, त्यांच्या ऐपतीत स्तंभ बसत नव्हते. पायऱ्या मात्र बसल्या. वारसा म्हणून अशा इमारतींचे मोल निर्विवाद आहे. तथापि बाजूने वा मागून दिलेला मार्ग हा मुख्य दरवाजास पर्याय म्हणून पुरेसा आहे काय, हा प्रश्न वारशाच्या नावाखाली टाळता येत नाही. ज्या दाराने इतर सभासद येतात त्या दाराने येता न येणे ही केवळ वास्तुशास्त्रीय अडचण राहत नाही.

कोकणात व कृष्णाकाठी उंच जोत्याला पावसाचे आणि पुराचे कारण आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूर परिसरातील ग्रंथालयांचे ग्रंथ भिजले. अशा ठिकाणी ग्रंथ वरच्या मजल्यावर हलविणे हे शहाणपणाचेच आहे. ग्रंथ वर जावेत, परंतु त्यांच्यामागोमाग वाचकानेही वर जावे, असे कोठे आहे? येथे मराठी ग्रंथालयांच्या एका जुन्या आणि बहुधा टीकेचा विषय झालेल्या प्रथेकडे नव्याने पाहता येते. आपली अनेक ग्रंथालये बंद पद्धतीची आहेत. वाचक चिठ्ठी देतो आणि शिपाई मांडणीतून पुस्तक काढून आणतो. मुक्तद्वार पद्धतीच्या पुरस्कर्त्यांनी या प्रथेवर योग्य तीच टीका केली आहे. तरीही देवघेव विभाग व वाचनकक्ष तळमजल्यावर आणि ग्रंथसंग्रह वर, अशी रचना असेल तर हीच बंद पद्धत जिना न चढू शकणाऱ्या वाचकास सर्वांच्या बरोबरीला आणते, कारण तेथे कोणीच वर जात नाही.

दुर्दैवाने प्रत्यक्षातील रचना अनेकदा नेमकी उलट असते. तळमजल्यावरील गाळे उत्पन्नासाठी दुकानांना भाड्याने दिलेले असतात आणि देवघेव खिडकी पहिल्या मजल्यावर असते. या व्यवस्थेला विश्वस्तांचा हव्यास म्हणणे अन्यायाचे होईल; अपुऱ्या अनुदानावर कर्मचाऱ्यांचे वेतन भागविताना गाळ्यांच्या भाड्याने अनेक संस्था तगल्या आहेत. परंतु त्या भाड्याची किंमत कोण मोजतो, याचा हिशेब ताळेबंदात येत नाही. सर्व गाळे नव्हे, एक गाळा करार संपताच परत घेऊन तेथे देवघेव विभाग आणता येईल. उद्वाहनाच्या तुलनेत हा उपाय स्वस्त आहे. तरी कार्यकारिणीच्या बैठकांत चर्चा होते ती उद्वाहनाचीच, आणि निधीअभावी ती तेथेच थांबते.

उताराविषयीही असेच म्हणावे लागते. प्रचलित मानकानुसार उताराचे प्रमाण १:१२ असावे. म्हणजे पंधरा सेंटिमीटरच्या एका पायरीसाठी १.८ मीटर आणि पाऊण मीटर उंचीच्या जोत्यासाठी मधल्या विसाव्याची जागा सोडून ९ मीटर लांबीचा उतार लागतो. रस्त्यालगत उभ्या असलेल्या जुन्या ग्रंथालयापुढे नऊ मीटर अंगण नसते. मग दोन मीटरांत उतार बसविला जातो. त्यावरून चाकाची खुर्ची चढविणे मदतनिसासही अवघड आणि एकट्याने उतरणे धोक्याचे. प्रत्यक्षात तो कर्मचाऱ्यांच्या दुचाकी आत घेण्याच्या उपयोगी पडतो. महाविद्यालयीन प्राध्यापकांना हे दृश्य अपरिचित नसावे. नॅकच्या २०१७ नंतरच्या मूल्यांकन पद्धतीत दिव्यांगस्नेही परिसराचा समावेश झाल्यावर अनेक परिसरांत उतार, कठडे व फलक आले आणि त्यांची छायाचित्रेही अहवालांना जोडली गेली. छायाचित्रात उताराचा कोन दिसत नाही.

देवघेव खिडकी आणि तालिका

ग्रंथालय संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे इफ्लाने, २००५ मध्ये दिव्यांग व्यक्तींसाठी ग्रंथालये सुगम्य करण्याविषयीची तपासणी सूची प्रसिद्ध केली. बिर्गिट्टा इर्व्हाल आणि गिडा स्काट नील्सन यांनी तयार केलेली ही सूची इमारतीबाहेरील वाहनतळापासून प्रसाधनगृहापर्यंत, बालविभागापासून कर्मचारी प्रशिक्षणापर्यंत सर्व अंगांचा विचार करते. तिचा व्यावहारिकपणा प्रशंसनीय आहे. परंतु तिच्यासमोर असलेले ग्रंथालय हे स्वतंत्र आवारातील, मुक्तद्वार पद्धतीचे आणि पुरेशा कर्मचाऱ्यांचे आहे. ती सूची जशीच्या तशी लावली तर तालुक्याच्या गावातील 'ब' वर्ग ग्रंथालय बहुतेक प्रश्नांना नकारार्थी उत्तर देईल आणि त्या निराशेतच विषय संपेल. मांडण्यांमधील वाटेची रुंदी किती, हा प्रश्न बंद पद्धतीत गौण आहे. खिडकीची उंची किती आणि खिडकीपलीकडील माणूस कोणाशी बोलतो, हे प्रश्न तेथे कळीचे आहेत.

दृष्टिहीन सभासद सोबत्यासह आला असता देवघेव विभागातील कर्मचारी सोबत्याशी बोलतो : यांना कोणते पुस्तक हवे? हे बहुधा संकोचातून घडते. पण त्यातून ग्रंथालयाच्या मुळाशी असलेले एक तत्त्व बाधित होते. कोणता ग्रंथ निवडावा हा वाचकाचा खाजगी निर्णय असतो. तालिका पाहता येत नसेल तर हा निर्णय मोठ्याने, दुसऱ्याच्या मार्फत आणि रांगेतील इतरांच्या देखत घ्यावा लागतो. लैंगिक आरोग्य, मानसिक आजार किंवा धर्मचिकित्सा या विषयांवरील पुस्तक अशा परिस्थितीत किती वाचक मागतील? तालिकापत्रांच्या खणांची जागा आता अनेक ठिकाणी ई-ग्रंथालय, कोहा किंवा स्लिम यांसारख्या प्रणालींनी घेतली आहे. तालिकेतील नोंदी युनिकोड देवनागरीत असतील आणि ती आंतरजालावरून पाहता येत असेल, तर दृष्टिहीन वाचक घरी बसून एनव्हीडीए या विनामूल्य वाचक-प्रणालीच्या साहाय्याने ती ऐकू शकतो. परंतु मराठी पुस्तकांच्या नोंदी रोमन लिपीत, त्याही प्रत्येक कर्मचाऱ्याच्या मर्जीप्रमाणे वेगवेगळ्या वर्णलेखनात केलेल्या आढळतात. अशा तालिकेत डोळस वाचकही हरवतो. फरक इतकाच की तो मांडणीकडे पाहून सावरतो.

कर्णबधिर वाचकाचा विचार तर जवळजवळ होतच नाही. ग्रंथालय म्हणजे शांततेची जागा, तेव्हा ऐकू न येणाऱ्यास तेथे अडचण कसली, असा एक सोयीस्कर समज त्यामागे असतो. वस्तुतः ज्यांची प्रथम भाषा भारतीय सांकेतिक भाषा आहे अशांसाठी लिखित मराठी ही पुढे शिकलेली भाषा असते. चित्रांची जोड असलेली, सोप्या वाक्यरचनेची प्रौढांसाठीची पुस्तके त्यांना हवी असतात आणि ग्रंथालय त्यांना बालविभागाकडे पाठविते. भारतीय सांकेतिक भाषेचा शब्दकोश २०१८ मध्ये सुमारे तीन हजार शब्दांनी सुरू झाला आणि २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत दहा हजार शब्दांपर्यंत पोहोचला. तो दृक्चित्रांच्या रूपात असल्याने ग्रंथालयाच्या संगणकावर दाखविता येतो. 'शांतता राखा' या फलकाशेजारी, येथे लिहून विचारता येईल, अशी एक पाटी व एक वही ठेवण्यास कोणत्याही अनुदानाची गरज नाही.

ब्रेलचे कपाट आणि त्यापलीकडे

सुगम्यता म्हणजे ब्रेल, हे समीकरण ग्रंथालयांत दृढ आहे. चेन्नई येथील २०१० मध्ये सुरू झालेल्या अण्णा शताब्दी ग्रंथालयात तळमजल्यावर ब्रेल विभाग आहे. १८३२ पासूनची परंपरा सांगणाऱ्या पणजीच्या कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयातही दृष्टिबाधितांसाठी स्वतंत्र विभाग आहे. हे विभाग मोलाचे आहेत, कारण ते विभाग आहेत : तेथे जागा आहे, नेमलेली व्यक्ती आहे, वाढता संग्रह आहे. महाराष्ट्रातील लहान ग्रंथालयांत त्याचे रूपांतर एका कपाटात होते. भेट मिळालेली ब्रेल पुस्तके त्यात ठेवली जातात, कुलूप लावले जाते आणि किल्ली ग्रंथपालाकडे राहते. ब्रेलचा जाड कागद, उठावाची टिंबे आणि त्यामुळे होणारा विस्तार पाहता एक मध्यम कादंबरी अनेक खंडांत जाते. ती एकमेकांवर रचून ठेवली की खालची टिंबे दबतात. काही वर्षांनी ते पुस्तक बोटांना वाचता येत नाही, पण दाखल नोंदवहीत ते असतेच.

ब्रेलचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. स्वागत थोरात यांनी फेब्रुवारी २००८ मध्ये सुरू केलेल्या 'स्पर्शज्ञान' या मराठी ब्रेल पाक्षिकाने ताजा मजकूर वाचकाच्या बोटांपर्यंत नेण्याचे काम केले. ग्रंथालयाच्या नियतकालिक विभागात ब्रेल नियतकालिकाची वर्गणी भरणे हे कपाटभर जुन्या पुस्तकांहून अधिक अर्थपूर्ण आहे, कारण त्यामुळे वाचकास ग्रंथालयात परत परत येण्याचे कारण मिळते. मात्र उतारवयात दृष्टी गेलेल्यांना ब्रेल येत नाही. मंददृष्टीच्या वाचकास मोठा ठसा हवा असतो, अक्षरअक्षमतेच्या विद्यार्थ्यास ऐकत ऐकत वाचावयाचे असते, आणि ज्याला हाताने पान उलटता येत नाही त्याला पडद्यावरचा मजकूर हवा असतो.

येथे कायदा ग्रंथालयांच्या बाजूने उभा आहे, आणि तो वापरला जात नाही, हा या विषयातील सर्वांत खेदकारक भाग होय. स्वामित्वहक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२(१)(झेडबी) समाविष्ट केले. दिव्यांग व्यक्तीस वाचता यावे म्हणून नफ्याचा हेतू न ठेवता ग्रंथाची सुगम्य प्रत तयार करणे व ती तिला देणे, हा हक्कभंग ठरत नाही; प्रत केवळ दिव्यांग व्यक्तीकडेच जाईल एवढी दक्षता घ्यावी लागते. जून २०१३ मधील माराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वप्रथम अनुसमर्थन देणारा देश भारत होता. ऑगस्ट २०१६ मध्ये 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. तरीही संपूर्ण पुस्तकाची छायाप्रत काढू नये, ही सूचना ज्या तत्परतेने भिंतीवर लावली जाते, त्या तत्परतेने या अपवादाची माहिती कोणी लावत नाही. एखाद्या दृष्टिहीन पदव्युत्तर विद्यार्थ्याने संदर्भग्रंथ स्कॅन करून मागितल्यास ग्रंथपाल कायद्याच्या भीतीने नकार देतो. तो नकार प्रामाणिक असतो. फक्त तो २०१२ पूर्वीचा असतो.

तांत्रिक अडचण आहेच. मराठी प्रकाशनव्यवहाराने दीर्घकाळ श्रीलिपीसारख्या अक्षरजुळणी प्रणाली वापरल्या. त्यांतून तयार झालेल्या पीडीएफमध्ये डोळ्यांना शुद्ध मराठी दिसते, पण वाचक-प्रणालीला अर्थहीन चिन्हांची मालिका ऐकू येते. पाने स्कॅन करून केलेल्या पीडीएफमध्ये तर प्रणालीला केवळ चित्र सापडते. म्हणून दुर्मिळ ग्रंथांच्या डिजिटायझेशनचे जे प्रकल्प ग्रंथालये अभिमानाने राबवितात, त्यांतून सुगम्यता आपोआप येत नाही. शंभर दुर्मिळ ग्रंथांची चित्रे साठविण्यापेक्षा मागणी असलेल्या दहा ग्रंथांची अक्षर-ओळख करून, मुद्रणदोष तपासून युनिकोड प्रत तयार करणे दृष्टिहीन वाचकाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. मराठी विषयाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रकल्पकार्य म्हणून हे मुद्रितशोधन देता येईल. महाविद्यालय आणि शहरातील सार्वजनिक ग्रंथालय यांच्यात असा करार होण्यास कोणाची आडकाठी नाही.

अभ्यासिका

आज सार्वजनिक ग्रंथालयात सकाळपासून रात्रीपर्यंत गर्दी असते ती अभ्यासिकेत. स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी गावोगावचे तरुण तेथे क्रमांकाचे टेबल घेऊन बसतात. २०१६ च्या अधिनियमाने शासकीय नोकऱ्यांत किमान चार टक्के आणि उच्च शिक्षणात किमान पाच टक्के जागा संदर्भीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठी राखून ठेवल्या. म्हणजे परीक्षेला बसणारा दिव्यांग उमेदवार कायद्याने गृहीत धरला आहे. अभ्यासिका मात्र बहुधा सर्वांत वरच्या मजल्यावर, पत्र्याच्या छताखाली असते, कारण ती सर्वांत शेवटी बांधलेली असते. टेबलांच्या आडव्या पट्ट्यांमुळे चाकाची खुर्ची आत सरकत नाही; संगणकाचा आवाज ऐकून अभ्यास करणाऱ्यास कानात यंत्र लावले तरी विजेची जोडणी लांब असते; आणि लेखनिकासह सराव करणाऱ्या दृष्टिहीन उमेदवारास तर बोलावेच लागते. शांततेच्या नियमामुळे ही जोडी जिन्याच्या वळणावर बसून उत्तरपत्रिकेचा सराव करते.

घरपोच पुस्तकसेवा हा उपाय अशा वेळी सुचविला जातो. वृद्ध व अंथरुणास खिळलेल्या वाचकांसाठी ती सेवा आवश्यक आहे. परंतु अभ्यासिकेतून मिळते ते केवळ पुस्तक नव्हे. नव्या जाहिरातीची बातमी, मागील वर्षाच्या प्रश्नपत्रिकेवरील चर्चा, चहाच्या वेळी झालेली ओळख, यांपैकी काहीही घरपोच येत नाही. ज्यास जिना चढता येत नाही त्यास घरी पुस्तक पाठविणे आणि जिना तसाच ठेवणे, यात ग्रंथालयाची सोय अधिक पाहिली जाते.

तळमजल्यावर दोन टेबले, भिंतीलगत विजेची जोडणी, आणि लेखनिकासह बसता येईल अशी एक लहान खोली, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. अशी खोली अनेक ग्रंथालयांत असतेच. तिच्या दारावर 'कार्यकारी मंडळ' अशी पाटी असते आणि ती महिन्यातून एकदा बैठकीपुरती उघडली जाते. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्याच्या नमुन्यात उताराचे प्रमाण, तळमजल्यावरील सेवा, तालिकेची लिपी आणि वर्षभरात दिलेल्या सुगम्य प्रतींची संख्या असे चार रकाने वाढविले, तर त्या खोलीचा वापर कशासाठी होतो हा प्रश्नही कार्यकारिणीच्या कार्यक्रमपत्रिकेवर येईल.